दोन बोटं क्लचवर

त्या सकाळी मिस्त्रींची स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी दुकानाच्या पायरीवर पेपर उघडून बसलो होतो. इंजिनाचा आवाज भरलेला, गोल येत होता. मला तो बरा वाटला. मिस्त्रींनी मूठ पिळली, सोडली, पुन्हा पिळली. गाडी कुठेही अडखळली नाही. त्यांनी ती बंद केली आणि हँडलवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"कवी," ते म्हणाले, "माझा जेट सिस्टरच्या गाडीत गेला."

मी कविता कधीच लिहिलेली नाही. साहित्यात पदवी घेतली, एवढ्या गुन्ह्यावर त्यांनी मला हे नाव दिलं होतं. त्यांच्या पायरीवर दोन वर्षं बसून मला इतकं कळत होतं की हे वाक्य वाईट आहे. किती वाईट, ते पुढच्या तासाभरात कळलं.

आमच्या भागात त्यांना सगळे थेंबे म्हणायचे. ते त्यांचं आडनाव नव्हे. पेट्रोल पहिल्यांदा भडकलं त्या वर्षी त्यांनी एका शिक्षकांची जुनी स्कूटर अशी जुळवून दिली, की ते आठवड्याऐवजी दहा दिवसांनी पंपावर जाऊ लागले. शिक्षकांनी ही गोष्ट शाळेत सांगितली, शाळेने गावभर केली. त्यानंतर भाव वाढला की पंपाला शिव्या आणि मिस्त्रींकडे रांग, असं ठरूनच गेलं.

भाव वाढत गेले तसा रस्ताही बदलत गेला. एकेकटे जाणारे जोडीने जाऊ लागले. ज्या शेजाऱ्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते कामाची वेळ जुळते म्हणून एका सीटवर बसू लागले. न बोलता जायचे, न बोलता यायचे. उतारावर लोक इंजिन बंद करायचे. स्कूटरींची अख्खी रांग आवाज न करता खाली यायची. मी माझी स्कूटर विकली आणि शिकवण्यांना सायकलवर जाऊ लागलो. मिस्त्री तेव्हा म्हणाले, गाडी विकलीस ते ठीक, हेल्मेट ठेव. कधीतरी कुणाच्या मागे बसशील.

दुकान म्हणजे एक शटर, एक खोली आणि पुढे पत्रा. छताला केबली टांगलेल्या. भिंत हात पुसून पुसून खांद्याच्या उंचीपर्यंत काळी. वरच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. काकू तिथे मशीनवर स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायच्या. मिस्त्रींची काटकसर पंपापुरती नव्हती. सुटे भाग ते पेट्रोलने न धुता रॉकेलने धुवायचे. स्वतःच्या टाकीत कधी दोन बोटांपेक्षा जास्त पेट्रोल ठेवायचे नाहीत. टाकी भरली की हात सैल सुटतो, म्हणायचे. काकू वरून ऐकवायच्या, की ह्या घरातला नळसुद्धा ह्यांना विचारून गळतो.

त्यांची सगळी विद्या जेटमध्ये होती. जेट म्हणजे पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा स्क्रू. मधोमध आरपार भोक. टाकीतलं पेट्रोल त्या भोकातून इंजिनाकडे जातं. भोक मोठं, तर गाडी ताकदीची. भोक लहान, तर गाडी काटकसरी. मिस्त्री जुन्या जेटचं भोक कथलाचा डाग देऊन बुजवायचे आणि केसासारख्या ड्रिलने, चिमटीत फिरवून, नवं पाडायचे. मग जेट डोळ्याला लावून खिडकीकडे बघायचे. "दिसतोय उजेड," म्हणायचे. तेवढंच मोजमाप.

कंपनीच्या जेटवर आकडा कोरलेला असतो. मिस्त्री तो घासून काढायचे. दुसऱ्या मिस्त्र्यांनी गाडी उघडली तर त्यांना काही वाचता येऊ नये म्हणून. कुठला जेट कुणाचा, हे खिडकीच्या फळीवर ठरायचं. तिथे बाटल्यांची झाकणं ओळीने मांडलेली असायची. एका झाकणात एका गाडीचा जेट. कुठे लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात.

दुकानावरची पाटी मी लिहून दिली होती. 'पेट्रोल तुमचं, काळजी आमची.' माझं लोकांसमोर आलेलं एवढंच साहित्य.

गाडी परत देताना मिस्त्री प्रत्येकाला एक गोष्ट सांगायचे. बाई असो, बुवा असो, पंचवीस वर्षं चालवत असो. स्कूटरच्या डाव्या मुठीशी क्लच असतो. त्यावर दोन बोटं कायम ठेवायची. कारणही सांगायचे. ह्या जुन्या स्कूटरींचं इंजिन पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावर ओलं राहतं. पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी जातं. लांब चढ असला, गाडीवर ओझं असलं, की इंजिन तापतं. पिस्टन आतल्या आत चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं, माणूस थांबत नाही. त्या क्षणी क्लच दाबला तर चाक सुटतं. विचार करायला वेळ नसतो. बोटं आधीपासून तिथे पाहिजेत.

त्यांचं स्वतःचं डाव्या खांद्याचं हाड वर आलेलं होतं. तरुणपणी बोटं तिथे नव्हती.

सिस्टर डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. चाळिशीच्या आत-बाहेर, बोलायला तोडून, हाताला हलक्या. केंद्रात त्या आणि कंपाउंडर, एवढीच माणसं. पूर्वी दोघं दोन स्कूटरींवर जायचे. वर जाणारी बस बंद झाली होती. भाव वाढल्यावर कंपाउंडरांनी आपली गाडी घरी लावली आणि सिस्टरांच्या मागे बसू लागले. पेट्रोल सिस्टरांचं, तेल कंपाउंडरांचं, असं दोघांत ठरलेलं. कंपाउंडर अंगाने भक्कम. लोक म्हणायचे, सिस्टर रोज अख्खं केंद्रच मागे बसवून नेतात.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गाडी दुकानात आणली. त्याच दिवशी पेपरात आलं होतं, की उद्या मध्यरात्रीपासून पेट्रोल पुन्हा वाढणार. त्या म्हणाल्या, अ‍ॅव्हरेज अजून थोडं वाढवून द्या. मिस्त्री नाही म्हणाले. तुमच्या वाटेत घाट आहे, मागे कंपाउंडर आहेत. सिस्टर म्हणाल्या, प्रवासभत्ता सहा वर्षांपूर्वीचा आहे. असंच चाललं तर बदली मागावी लागेल, आणि माझ्या जागी वर कुणी येणार नाही. हे खरं होतं. मिस्त्रींनी डोकं खाजवलं. केसभर कमी करतो, म्हणाले, त्याच्या खाली नाही. थोडी खोकली तर घाबरू नका.

त्यांनी तसाच केला. केसभर कमी. तो एका पांढऱ्या झाकणात ठेवला.

त्याच वेळी ते स्वतःच्या गाडीसाठी दुसरा जेट करत होते. महिनाभर त्यांच्या डोक्यात तेच होतं. आजवरचा सगळ्यात बारीक. सपाट रस्त्यावर, एकट्याने, हळू चालवून बघायचा होता. गाडी खोकणार, अडखळणार, हे त्यांना माहीत होतं. तोही पांढऱ्या झाकणात ठेवला. दोन गाड्यांचे कार्ब्युरेटर, म्हणजे जेट जिथे बसतो ते भाग, शेजारी शेजारी उघडे होते. तेवढ्यात रांगेतला कुणीतरी घाई करू लागला.

म्हणून सकाळी त्यांची गाडी न खोकता सुरू झाली, आणि त्यांना कळलं.

घड्याळात नऊला दहा कमी होते. सिस्टर आठलाच गाडी घेऊन गेल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, गावात आणि सपाटीला काही होणार नाही. चढ लागला की गाडी तापेल. तिसरं वळण. फार तर चौथं.

त्या घाटाला मी ओळखतो. डावीकडे दरी आहे, गुडघ्याएवढा कठडा आहे. दगड भरलेले ट्रक दिवसभर वर-खाली करतात.

मी सिस्टरांना फोन लावला. वाजत राहिला. त्या गाडी चालवताना फोन डिकीत ठेवायच्या. केंद्रात लावला. तोही वाजत राहिला. मग लक्षात आलं, की केंद्रातला फोन उचलणारी माणसं दोनच आहेत आणि ती दोघं त्या गाडीवर आहेत.

मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढून आत लाकडी पट्टी घातली. टोक तेवढं ओलं झालं. दुकानात तीन गाड्या होत्या, तिन्हींच्या टाक्या उतरवून कोरड्या केलेल्या. रॉकेलचा डबा होता, पेट्रोलचा नव्हता. मिस्त्रींनी तो डबा पायाने सरकवला. दोन वर्षांत त्यांना कुठली वस्तू पायाने सरकवताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी कपाटातून एक डबी काढली, तिच्यातला एक जेट उचलून उजेडात धरला, आकडा वाचला आणि खिशात टाकला. पान्यांची पिशवी आणि तेलाची बाटली माझ्याकडे दिली.

काकू वरून खिडकीत आल्या होत्या. काय झालं, विचारलं नाही. "हेल्मेट घाला दोघं," म्हणाल्या.

आधी आम्ही लसींच्या गोदामावर गेलो. सिस्टर रोज तिथून लसींचा बॉक्स घेतात. खिडकीतला माणूस म्हणाला, आत्ताच गेल्या, दहा मिनिटं झाली असतील. मी पुन्हा फोन लावला, आणि पुढे वाटभर लावत राहिलो. मिस्त्री म्हणाले, वाटेत खाणीच्या फाटकावर त्या थांबतात. तिथे एका कामगाराच्या पायाची पट्टी बदलायची असते. तिथे गाठू.

पंप वाटेतच होता. रांग पंपातून बाहेर येऊन अर्धा रस्ता अडवून बसली होती. भाव वाढायच्या आत टाकी भरून घ्यायला सगळे आले होते. पिशव्या, बाटल्या, डबे. मिस्त्रींनी गाडी रांगेच्या तोंडाशी नेली आणि पहिल्या माणसाला सांगितलं, दवाखान्याचं काम आहे, बाटलीभर घेऊ द्या. सरळ, हळू आवाजात सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, की सकाळपासून चौघांचं दवाखान्याचं काम निघालंय. मग दुसरा, ओळखीचा, मिस्त्रींचंच गिऱ्हाईक, हसत म्हणाला, "थेंबे, तुमची गाडी तर वासावर चालते ना?"

सगळे हसले. वाईट मनाने नाही. पहाटेपासून उभं राहिलेली माणसं हसतात तशी.

मी काही बोलायला तोंड उघडलं. मिस्त्रींनी गाडी वळवली. भांडायला पाच मिनिटं जातात, एवढंच म्हणाले.

गाव संपलं. रस्ता सरळ झाला. घाटाच्या पायथ्यापर्यंत आठ किलोमीटर, मध्ये खाणीचं फाटक. मी मागून त्यांच्या खांद्यावरून काटा पाहिला. चाळीस. आमच्या शेजारून एक सायकलवाला सोडला तर सगळं पुढे जात होतं.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, की जोरात घ्या. त्यांनी ऐकलं नाही असं वाटलं. पुन्हा ओरडलो.

"चाळीसने गेलो तर पोचू," ते म्हणाले. "साठने गेलो तर पोचणारच नाही."

मी काट्याकडे बघत राहिलो. काटा हलत नव्हता. त्यांच्या गाडीत सिस्टरांचा जेट होता. तो नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पीत होता. पुलाआधी उतार आला आणि मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. मला त्यांच्या पाठीत गुद्दा मारावासा वाटला. आम्ही आवाज न करता खाली घरंगळलो. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता. पुलावर वेग मरायला आला तेव्हा त्यांनी क्लच सोडून गाडी पुन्हा सुरू केली. त्या वेळी मी पाहिलं, त्यांची डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती. इतकी घट्ट क्लचवर होती.

मी मोजत होतो. सिस्टर फाटकावर किती वेळ थांबतात. पट्टी सोडवायला किती, बांधायला किती. एका बाजूने दहा मिनिटं वजा करत होतो, दुसऱ्या बाजूने मिळवत होतो. उत्तर दर वेळी वेगळं येत होतं.

फाटकावर गाडी नव्हती. पहारेकरी खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, सिस्टर आल्या होत्या, पण आज थांबल्या नाहीत. कामगार रजेवर आहे. दहा-बारा मिनिटं झाली.

आता मिस्त्रींनी मूठ पिळली. काटा पन्नासवर गेला, पंचावन्नवर गेला. आता पोचण्याचा हिशोब संपला होता.

पायथ्याशी चढ लागला. पहिलं वळण. रस्ता रिकामा. वरून ट्रक येत नव्हते. नेहमी येतात. मी हे मिस्त्रींना सांगितलं नाही. त्यांनाही दिसत असणार.

दुसऱ्या वळणाच्या आधी गाडीने आचका दिला. मिस्त्री उतरले, गाडी डावीकडे जवळजवळ आडवी केली, टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं नळीकडे येऊ दिलं. किक. सुरू झाली. शंभर पावलं चालली. मग थांबली ती थांबलीच. त्यांनी ती कठड्याला टेकवली, किल्लीही काढली नाही, आणि चढावर पळायला लागले. साठीचा माणूस, वर आलेलं खांद्याचं हाड, हेल्मेट डोक्यावर तसंच. मी पिशवी घेऊन मागे.

वरून एक ट्रक आला, पहिल्या गिअरमध्ये, रेंगाळत. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरने मान बाहेर काढून सांगितलं, वर स्कूटर पडली आहे, त्यानेच रस्ता अडला होता. बाई होती आणि एक माणूस. मिस्त्रींनी विचारलं, उभे होते का. ड्रायव्हर म्हणाला, बघितलं नाही नीट, मी माझी गाडी सांभाळत होतो.

तिसरं वळण. काही नाही.

चौथ्या वळणाला आधी रस्त्यावरचा पट्टा दिसला. टायरचा, काळाभोर, सरळ दरीच्या दिशेने गेलेला. मी तो पावलांनी मोजला, का ते माहीत नाही. नऊ पावलं. आणि मग तो एकदम तुटला होता. कठडा तिथून हाताच्या अंतरावर होता.

त्यापुढे, डोंगराच्या बाजूला, गटारात एक चाक गेलेली स्कूटर आडवी होती. कंपाउंडर एका दगडावर बसले होते. सिस्टर त्यांच्या समोर गुडघ्यांवर बसून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा त्यांच्या मनगटाखाली लावून पट्टी बांधत होत्या. त्यांचं स्वतःचं कोपर सोललेलं होतं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. लसींचा बॉक्स सावलीत नीट उभा ठेवला होता. दोन ट्रक थांबले होते, ड्रायव्हर खाली उतरून बघत होते.

मिस्त्री थांबले. धाप लागलेली. त्यांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, जिथे तो तुटला होता तिथे.

सिस्टर कंपाउंडरांना फैलावर घेत होत्या. कंपाउंडरांनी कबूल केलं होतं. दोन महिने ते तेलाचं माप अर्धंच ओतत होते. तेवढीच बचत, म्हणे. सिस्टर बांधता बांधता बोलत होत्या आणि पट्टीच्या प्रत्येक वेढ्याला कंपाउंडर डोळे मिटत होते. एक ड्रायव्हर म्हणाला, तेलात काटकसर केली की असंच होतं. दुसऱ्याने मान हलवली. चूक सापडली होती. सगळ्यांना ती पटली होती. ज्याने केली त्यालाही.

मग सिस्टरांनी आम्हाला पाहिलं. आम्ही तिथे कसे, हे त्यांना सुचलं नाही. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "तुमच्या दोन बोटांनी वाचवलं आज."

मी मिस्त्रींच्या शेजारी होतो. मी त्यांची बाही धरली आणि हळूच म्हणालो, की तेलानेच झालं असेल. हे मी का म्हणालो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला ते खरं असावं असं वाटत होतं. आणि ते खोटं आहे हेही मला माहीत होतं.

मिस्त्रींनी हेल्मेट काढलं.

"तेल कमी होतं," ते म्हणाले. "पण एवढ्याने झालं नसतं. तुमच्या गाडीत जेट चुकीचा आहे. माझ्या गाडीसाठी केलेला. काल अदलाबदल झाली. माझ्या हातून."

खाली कुठेतरी एका ट्रकने गिअर बदलला.

सिस्टर उठल्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग कठड्याकडे. विचारलं, तुम्हाला कधी कळलं. मिस्त्रींनी सांगितलं. सिस्टरांनी डिकी उघडून फोन काढला. पडद्यावर माझे अकरा फोन होते. त्या ते बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. जे बोलतील ते मिस्त्रींनी ऐकून घ्यावं असंच असेल.

त्या म्हणाल्या, बॉक्समधला बर्फ अजून दीड तास टिकेल. वर बायका मुलं घेऊन बसल्या आहेत. ही गाडी चालेल का?

मिस्त्री म्हणाले, इंजिन गार झालं की सांगतो.

ते गार व्हायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत कंपाउंडरांना एका ट्रकमध्ये बसवून खाली इस्पितळात पाठवलं. जाताना ते मिस्त्रींना म्हणाले, तुम्ही बोलला नसतात तर मी आयुष्यभर स्वतःलाच खात राहिलो असतो. मग जरा थांबून म्हणाले, आता निम्मंच खाईन. सिस्टर हसल्या नाहीत. मला हसू आलं आणि लगेच गेलं.

मिस्त्रींनी प्लग काढला. त्या भोकातून चमचाभर तेल सोडलं. गाडी गिअरमध्ये घालून पुढे-मागे ढकलली. ती हलेना. पुन्हा ढकलली. चौथ्यांदा आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि चाक फिरलं. मग त्यांनी कार्ब्युरेटर उघडला, तो बारीक जेट काढला. माझ्या तळहातावर ठेवला. उजेडाकडे धरल्यावर मला त्यात काहीच दिसलं नाही. त्यांनी खिशातला कंपनीचा जेट बसवला. टाकीत तेल ओतलं, मापाने, दोनदा बघून.

किक मारली. नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्या किकला धूर आला आणि इंजिन लागलं. आवाज खरखरीत होता, पण धरून होता.

मिस्त्री बाजूला झाले. गाडी सिस्टरांपुढे केली. सिस्टरांनी हात पुढे केला नाही.

"आधी तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वळणापर्यंत. एकटे."

ते बसले. हेल्मेट घातलं. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवली. गाडी चढावर निघाली. आम्ही तिघं उभे होतो, सिस्टर, मी आणि उरलेला ट्रकवाला. तिघंही ऐकत होतो. आवाज चढत गेला, वळणाआड गेला, मग अगदी बारीक झाला. मग ऐकू येईना. सिस्टरांनी लसींच्या बॉक्सचा पट्टा हातात धरला होता, तो त्या पिळत होत्या. शेवटी आवाज परत आला. ते उतारावरून खाली येत होते आणि इंजिन बंद केलेलं नव्हतं.

सिस्टर बसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही मागे या, बॉक्स धरायला माणूस पाहिजे. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते पान्यांची पिशवी उचलत होते. त्यांनी मान हलवली. चालत खाली जातो, म्हणाले.

मी मागे बसलो. बॉक्स मांडीवर घट्ट धरला. पुढच्या तीन वळणांत मी दरी पाहिली नाही. सिस्टरांचा डावा हात पाहिला. दोन बोटं पूर्ण घाटभर जागची हलली नाहीत.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं आणि सगळ्यांचे जेट बदलले. फुकट. काहींनी बदलून घेतले. पुष्कळांनी नाही. भाव वाढलेला होता आणि थेंबेंना वेड लागलं असं त्यांचं मत झालं. ते दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागले. तो नव्यानेच ड्रिल घेऊन बसला होता. पंपावर हसलेलं ते गिऱ्हाईकही तिकडेच गेलं. मिस्त्रींनी फळीवरची झाकणं फेकून दिली. काकू म्हणाल्या, चला, खिडकी उघडता येते आता. पाटी काढू का, मी विचारलं. राहू दे, म्हणाले, अर्धी तरी खरी करून दाखवू.

सिस्टर येतात. कंपाउंडरही पुन्हा मागे बसतात, मनगट थोडं वाकडं घेऊन. भत्ता अजून तोच आहे. त्यांनी बदली मागितली नाही. आठवड्यातून दोन दिवस त्या वरच, केंद्रातच मुक्काम करतात. तेवढ्या फेऱ्या वाचतात.

कार्ब्युरेटर उघडायची वेळ आली की सिस्टर स्टूल ओढून मिस्त्रींच्या समोर बसतात. जेट स्वतःच्या हातात घेतात. रस्त्यावर, उन्हात येऊन धरतात. आकडा वाचतात. एकदा वाचून झाला की उलटा करून पुन्हा वाचतात. मिस्त्री तोवर पाना खाली ठेवून, हात पुसत, थांबलेले असतात. त्यांनी एकदाही घाई केली नाही.

मग सिस्टर जेट त्यांच्या तळहातावर ठेवतात.

"बसवा," म्हणतात.